मी सोडलेली टाचणी

मित्रांनो, केबिन रोडवरून जाताना तुम्ही मला शेकडो वेळा पाहिलं असेल, पण थांबून वाचलं एकदाही नसेल. पंढरीनाथांच्या तिकिटांच्या दुकानात, दाराच्या उजव्या अंगाला टांगलेला मी एक जुना दरफलक आहे. आज तुम्हाला माझी कहाणी सांगतो. तिच्यात माझं कौतुक थोडं आहे आणि एक पाप आहे.

माझं अंग देवदाराचं. कुठल्याशा यंत्राच्या खोक्याच्या फळ्या जोडून पंढरीनाथांनी मला घडवलं, काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या रंगानं गावं लिहिली. महाड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. गावांपुढचा बसचा दर मात्र खडूचा. तो वर्षातून फार तर एकदा बदलायचा. गणपतीच्या आधी माझ्यापुढे माणसांची झुंबड उडे. आजोबा-आज्या माझ्या अंगावरून बोट फिरवत दर वाचत. कुणी घासाघीस करू लागलं की पंढरीनाथ नुसतं माझ्याकडे बोट दाखवत. "फळ्यावर लिहिलंय ना? मग तेवढंच," असं गिऱ्हाईकच म्हणे. श्रीमंताला आणि गरिबाला, आधी आलेल्याला आणि धापा टाकत आलेल्याला माझ्याकडे एकच दर होता. केवढा ताठा होता मला त्याचा!

मग तो आला. कम्प्युटर.

पंढरीनाथांच्या बायकोनं, हंसाताईंनी, त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, धूळ बसू नये म्हणून झालरीचं कापड शिवलं. मला कधी कुणी रुमालसुद्धा घातला नव्हता. धाकट्याचे लाड थोरल्यानं कोपऱ्यातून बघावेत, तसा मी बघत राहिलो. तो आता विमानाची तिकिटं काढू लागला. माझे दर पुसले गेले. रंगवलेली गावं तेवढी उरली, आणि माझ्या भेगांमध्ये टाचण्यांनी चिठ्ठ्या टोचल्या जाऊ लागल्या. हंसाताईंचा रिवाज असा, की दुकान उघडलं की आधी माझ्यावरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि मग त्याच्यापुढे बसायचं. म्हणजे माझ्याकडे उभ्या-उभ्या आणि त्याच्याकडे दिवसभर!

आणि त्याचे दर तरी कसे? सकाळी एक, दुपारी दुसराच. मी खडूनं लिहिलेलं वर्षभर निभावलं, हा लबाड तासभर शब्दाला जागत नव्हता. तरी माणसं त्याच्याच तोंडाकडे बघत बसायची. मी आतल्या आत जळायचो. माझ्या भेगा उन्हानं पडल्या, असं पंढरीनाथ म्हणतात. खरं कारण मला ठाऊक आहे.

अशात एका दुपारी राई गावच्या दुर्गामावशी आल्या. दुकानाच्या कोपऱ्यावर मासळी विकायला बसतात त्या. मागून त्यांचे यजमान बाबाजी. त्यांची एकुलती लेक सान्वी लग्न होऊन कोइंबतूरला गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचं नाही असं बजावलेलं. जावई कारखान्यात पाळीवर. पोर फोनवर रडत होती. म्हणून माहेरच उठून लेकीकडे निघालं होतं. रेल्वेची प्रतीक्षा यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबलेली.

"ताय, पंधरा तारखेची दोन तिकटां बघ. बावीसला तारीख दिलीय पोरीला," मावशी म्हणाल्या.

हंसाताईंनी दर सांगितला. मावशींनी सुरमईचा भाव ऐकून गिऱ्हाईक करतं तसं तोंड केलं. "जरा कमी कर ना गो!"

"मावशी, भाव मी लावते का? कंपनी लावते. विमानातल्या खुर्च्यांच्या पायऱ्या असतात बघा. पहिल्या थोड्या खुर्च्या स्वस्त. त्या संपल्या की वरची पायरी, मग तिच्या वरची. सुट्ट्या असल्या की महाग, सगळ्यांच्या सोयीची वेळ असली की महाग. आणि लोक किती विचारतायत, तेही बघतात ते."

"म्हंजे एकाच इमानात शेजारी-शेजारी बसलेल्यांचं दाम येगळं?"

"एकदम वेगळं."

मला गुदगुल्या झाल्या. ऐका, ऐका याचे प्रताप!

मावशी टोपलीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता माझं ऐक. सांजच्याला टोपलीत बोंबील उरला, तर मी अर्ध्या भावात देते. सकाळी त्याला मांजर इचारत न्हाय. तसं इमान उडल्यावर रिकामी खुर्ची काय चाटायची हाय? शेवटाला भाव उतरनारच!"

"बात में दम है," पंढरीनाथ मान डोलावत म्हणाले.

"अहो, काय दम? उलटं असतं!" हंसाताई वैतागल्या.

शेवटी ठरलं की सोमवारपर्यंत वाट बघायची, उतरला नाही तर सोमवारी आहे त्या भावात तिकिटं काढायची. "तुम्ही निवांत धंदा करा मावशी, चिठ्ठी लावून ठेवतो," असं म्हणत पंढरीनाथांनी लिहिलं, 'दुर्गाबाई, कोइंबतूर, दोन. सोमवारी नक्की काढणे.' आणि माझ्या भेगेत टाचणी खुपसली.

मित्रांनो, आता ते पाप. टाचणी धरायची तर मला अंग आवळून बसावं लागे. रविवारी दुकान बंद करताना हंसाताईंनी त्याच्यावर झालरीचं कापड घातलं, प्रेमानं थोपटलं आणि माझ्या कडेला ओली छत्री अडकवली. माझ्या मनात आलं, कशाला धरू मी ही चिठ्ठी? तिकीट काढणार तो, शाबासकी घेणार तो. चुकू दे एकदा. सगळ्यांसमोर फजिती होऊ दे त्याची.

मी अंग सैल सोडलं. चिठ्ठी बाकाच्या मागे पडली.

सोमवारी हंसाताईंनी माझ्याकडे पाहिलं, काही दिसलं नाही, त्या कामाला लागल्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मावशी अर्धी टोपली तशीच टाकून धावत आल्या. मागे बाबाजी.

"ताय, तिकटां दे! डाक्तर बोलला, बावीसची वाट न्हाय बघायची, आधीच होईल."

हंसाताईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी घाईघाईनं बघितलं. दर दुपटीच्याही वर गेला होता.

"पन शेवटाला उतरतो ना?" मावशींचा आवाज एवढासा झाला.

हंसाताई उठून त्यांच्याजवळ आल्या. "मावशी, संध्याकाळी तुमच्याकडे येतं ते घासाघीस करणारं गिऱ्हाईक. विमानाकडे शेवटी येतं ते नडलेलं. कुणाचं माणूस आजारी, कुणाची सकाळी मुलाखत. त्याला जायचंच असतं. कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं."

"म्हंजे माझ्यावानी," मावशी म्हणाल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या. पदरात तोंड घालून हळूच गुणगुणल्यासारखं काही म्हणाल्या. जात्यावरच्या ओवीचा सूर होता तो:

*लेक माझी दूरदेशी, डोळे लावी उंबऱ्याशी,*
*आभाळीच्या गाडीचं गं मोल पुसू कुणापाशी?*

पंढरीनाथांनी बाक ओढलं. चिठ्ठी सापडली, टाचणीसकट. "चूक माझी. टाचणीच गंजलेली होती," ते खाली बघत म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. माझ्या हेव्याचं ओझं एका आईच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. फजिती कम्प्युटरची झाली नाही, आणि माझीही नाही. झाली ती तिची.

हंसाताई पुन्हा पडद्याकडे वळल्या. "थांबा. आपण दोघांचं एकदम विचारतोय. खालच्या पायरीवर एकच खुर्ची उरली असेल, तर हा दोन्ही वरच्या भावानं दाखवतो. एकटीचं विचारते." कळफलक खडखडला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या बाजूनं देव आठवला. सापड रे भावा, सापड!

"आहे! एकच आहे!"

मावशींनी बाबाजींकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी येऊन काय बाळंतपन करनार हाय? तू जा. मी टोपली सांभालतो."

"तुम्ही? भाकरीसंगं अर्धी मासळी खाऊनच टाकाल!" मावशी रडता-रडता हसल्या. मग एकदम घाबरल्या. "पन मी एकटी? मना इंग्रजी वाचता न्हाय येत. मराठी पन मोठं अक्षर असलं तरच."

मोठं अक्षर! पंढरीनाथांनी मला भिंतीवरून उतरवलं. किती वर्षांनी ओला फडका माझ्या अंगावरून फिरला! त्यांनी खडू घेतला आणि ठसठशीत लिहिलं. आधी आधार कार्ड. मग मोठी बॅग द्यायची. मग तपासणी. मग गेटचा आकडा जुळवायचा. मावशी रोज धंदा आटोपून माझ्यापुढे उभ्या राहत आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचत. पुढे बाबाजी परीक्षा घेत.

"मासळीचा कोयता कुठं ठेवायचा?"

"घरी ठेवायचा! मना येडी समजता काय?"

खुर्ची त्यानं शोधली, वाट मी शिकवली. त्या आठवड्यात त्याच्या कापडाची झालर मला पहिल्यांदा छान दिसली.

मावशी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सान्वीला मुलगी झाली. बाबाजींनी दुकानात येऊन फोनवरचा फोटो आधी हंसाताईंना दाखवला, मग पंढरीनाथांना, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्यापुढेही क्षणभर धरला.

पंढरीनाथांनी नवी टाचणी आणली आणि त्याच भेगेत चिठ्ठी लावली. 'दुर्गाबाई, परतीचं तिकीट. शनिवारी काढणे.' ज्यानं एकदा सोडलं, त्याच्याकडेच पुन्हा दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात पडलेली एखादी जुनी वस्तू असेल, नाहीतर एखादं जुनं माणूस. त्यांना रंग नाही दिलात तरी चालेल, पण एखादं काम सांगा. रिकाम्या भेगेत हेवा फार लवकर भरतो.

आज शुक्रवार आहे. पंखा जोरात फिरतोय, दारातून खाडीचा वारा येतोय. मी अंग आवळून बसलोय.