शिंडरची शवपेटी

१४७१ साली एका जर्मन गावात ओटिलियाचा बाप वारला. तो मेलेली गुरं सोलायचा, म्हणून गाव त्याला ‘शिंडर’, म्हणजे सोलणारा, म्हणे. त्याला शिवणाराही बाटे, त्यामुळे शवपेटी उचलायला कोणी फिरकेना.

शेवटी शेजारचा विणकर फाइट आला.

“अरे वेड्या, विणकरांच्या संघातून हाकलतील तुला,” ती म्हणाली.

“माझी गाय मेली तेव्हा तुझा बाप बर्फातून आला होता. बोलू नकोस, तिकडून धर.”

दोघांनीच पेटी नेली. संध्याकाळी विणकर-संघाने फाइटचा माग मोडला. पोटासाठी त्याने म्हाताऱ्याची सोलायची सुरी उचलली आणि ओटिलियाशी लग्न केलं.

फाइट वीस वर्षांनी गेला. त्याची पेटी तिने दोन मुलांसोबत वाहिली. मुलांना कुठल्याच संघाने घेतलं नाही. गावच्या कारकुनाने त्यांच्या नावापुढे ‘शिंडर’ लिहिलं, ते नातवंडांनाही पुसता आलं नाही.