भुंग्याची करंगळी

"चिमे, दोरा ओढ गं, ओळ सुटतेय माझी!"

आमच्या गल्लीतल्या पुस्तक-बाइंडिंगच्या दुकानातून येणारा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. धाकटी बहीण चिमा पानं शिवायची, भाऊ कडा कापायचा आणि कापता कापता तिच्या दोऱ्याच्या तालावर गाणी रचायचा. सदा गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत.

भुंगा गेला आणि वर्षभरात स्वरबाबा नावाच्या एका बुवाच्या अंगात येऊ लागला. हॉल खचाखच. बाबा डोळे मिटून डोलतो आणि त्याची डावी करंगळी हळूहळू निळी, गार पडते. भुंग्याला नेमकी तीच करंगळी नव्हती. झालं! लोकांचे डोळे भरून येतात.

मी भुंग्याचं चरित्र लिहीत होतो आणि त्या करंगळीनेच मला दमवलं होतं. त्याच्या गाण्यांच्या रेकॉर्डच्या वेष्टणावर छापलंय, कटिंग मशीनमध्ये गेली. वर्तमानपत्राला तो म्हणाला, कुत्र्याने तोडली. बायकोला सांगितलं, जन्मतःच नव्हती.

त्या दिवशी बाबाच्या हॉलमध्ये गेलो, तर चिमाताई भावाची बाजाची पेटी मांडीवर घेऊन पुढेच बसली होती.

"दादा रागावलाय म्हणे," ती म्हणाली. "पेटी बाबांना दिली की मोकळा होईल."

"तुमच्यावर कशाला रागवेल तो?"

ताई भात्यावरून नुसती बोटं फिरवत राहिली.

असल्या बाबांशी भांडायचा मला कंटाळा आला होता. तरी उठलो.

"भुंग्या, करंगळी मशीननेच गेली ना रे?"

"मशीन!" बाबा कण्हला. "लेकरांनो, ते पातं... मशीन!"

"पण पेपरात तर कुत्रा म्हणालास."

"कुत्रा... काळा... आधी कुत्रा!"

"आणि वहिनी म्हणतात, जन्मतःच नव्हती."

"आत्म्याला आधी-नंतर नसतं, बाळा."

"मग कुत्रा काय चावला, हवा?" मागून एक बाई म्हणाली आणि हॉल फिसकन हसला.

पाया पडायच्या निमित्ताने मी बाबाचा हात धरला, करंगळीतली अंगठी वर सरकवली. खाली आवळून बसवलेला बारीक रबरबँड. तो काढताच करंगळी गुलाबी झाली.

"रक्त अडलं की कुणाचंही बोट निळं पडतं," मी म्हणालो. "आणि उत्तरं आपणच प्रश्नांतून पुरवतो. जरा हाताने चाचपा, उलट विचारा. मेलेल्या माणसाबद्दल ऐकायचंय ना? मग त्याच्याबरोबर जगलेल्यांना विचारा."

लोक पांगले, काही माझ्यावरच चिडून. ताई जागची हलली नाही.

"म्हणजे दादा रागावलेला नाही?"

"ते भुंगा बोलत नव्हता, ताई. बाबा बोलत होता."

"मग दादाला सांगायचं राहिलेलं मी कुणाला सांगू?"

"मला सांगा."

तिने पेटी जवळ ओढली.

"त्याच्या एका तरी गाण्यात दार आहे का, आठवा."

मी आठवू लागलो. खिडक्या होत्या, उंबरे होते, अंगणं होती. दार कुठेच नव्हतं.

"लहानपणी खेळताना दार आपटलं. फटीत त्याचं बोट होतं. आई धावत आली, तर रडत रडत म्हणाला, वाऱ्याने आपटलं. पुढे विचारेल त्याला नवी थाप; दाराचं नावच काढलं नाही. वारा नव्हता हो. मी होते."