दमयंतीच्या गाडीचं बूड

दमयंतीच्या गाडीला काय झालं, यापेक्षा काय व्हायचं राहिलं होतं, हे विचारणं सोपं. रेडिएटर दोनदा बदलून झाला होता, सायलेन्सर भर बाजारात गळून पडला होता, उजवीकडची काच खाली गेली की हाताने वर ओढावी लागे आणि आता क्लचही घसरायला लागला होता. चौदा वर्षांची ती एवढीशी पांढरी गाडी. तरी रोज पहाटे दमयंती ती काढून करंजाच्या धक्क्यावर लिलावाला जायची, मागची सीट पाडून मासळीचे टप भरायची आणि पनवेलच्या बाजारात येऊन बसायची. टेम्पोची वाट बघत धक्क्यावर ताटकळण्याचे दिवस तिने काढले होते. चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली तेव्हा अख्खा कोळीवाडा दात काढत होता. त्याच दात काढणाऱ्यांच्या बायका आता 'वयनी, माझा पन एक टप घ्या' म्हणत मागे लागायच्या. गाडी गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं आलं, आणि ते तिला मुळीच नको होतं.

नवरा दादू मात्र गाडीच्या मुळावर उठला होता. होडी विकून घरी बसल्यापासून गाडीचा प्रत्येक खर्च त्याच्या डोळ्यांत खुपत असे.

"आज क्लच, उद्या आनखी काय. कळंबोलीला भंगारवाला बसलाच हाय. दे टाकून."

"कमलाकर नाय म्हनला तर देईन," दमयंतीने एकदाचा वैतागून शब्द दिला. "मंग तर झाला?"

तो शब्द धरूनच दादू त्या दिवशी तिच्याबरोबर कमलाकरच्या गॅरेजात आला. एरवी तो तिकडे फिरकतसुद्धा नसे.

कमलाकरने गाडी लिफ्टवर घेतली आणि दमयंती खालून बघतच राहिली. इतकी वर्षं चालवली, पण गाडीची ही बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. केवढे पाइप, केवढे दांडे, कशाला काय जोडलंय कळेना! वरून मुठीएवढी वाटणारी आपली गाडी खालून एवढी मोठी असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. रोज हे सगळं मुकाट्याने फिरत होतं आणि आपण वर बसून नुसत्या शिव्या घालत होतो, या विचाराने तिला भरून आलं.

"क्लच प्लेट गेली, मावशी. पुढच्या चाकाचा लोअर आर्म गेलाय, म्हणून खडखड होते," कमलाकर म्हणाला. "पंधरा-सोळा हजारांत चालेल."

दमयंतीने नवऱ्याकडे असा काही कटाक्ष टाकला, की त्याने मान दुसरीकडे वळवली.

एवढ्यात कमलाकरचा स्क्रू ड्रायव्हर गाडीच्या तळाला लागला आणि सरळ आत गेला. त्याने जरा उचकटलं, तर पापडासारखे तुकडे खाली पडले. बघता बघता ताटाएवढं भोक झालं.

"मावशी, बर्फाचं पाणी गाडीत सांडतं ना?"

"सांडनारच. मासळी काय कोरडी येते?"

"खारं पाणी. सगळा पत्रा खाल्ला त्याने."

ते भोक होतं बरोबर चालवणाऱ्याच्या सीटमागे. दमयंतीची नात मनस्वी रोज शाळेत जाताना तिथेच उभी राहायची. बस म्हटलं तर बसायची नाही. आजीची सीट दोन्ही हातांनी धरून ती स्पीडब्रेकर आला की मुद्दाम उड्या मारायची. आजही मारल्या होत्या.

"मंग माझी पोर कशावर उभी ऱ्हायली?" दमयंतीने भोकाकडे बोट दाखवत विचारलं.

कमलाकरने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"नको मला ही गाडी," ती म्हणाली. "द्या भंगारात. आत्ता द्या."

दादूला हवं होतं तेच झालं होतं. पण तो वर त्या भोकाकडे टक लावून बघत होता.

"खाली घे," तो कमलाकरला म्हणाला.

गाडी खाली आली. दादूने मागचं दार उघडलं आणि रबरी मॅट ओढून काढली. खाली जाळं होतं. टप सरकतात म्हणून त्यानेच कधीकाळी होडीवरचं जुनं नायलॉनचं जाळं चार पदरी घालून, सीटच्या बोल्टांखाली घट्ट ताणून बसवलं होतं, आणि नंतर साफ विसरून गेला होता. त्याने त्यावर हात दाबला. जाळं जरासं लवलं आणि परत वर आलं. त्याच्या खाली पत्रा नव्हताच. जाळ्यातून गॅरेजची फरशी दिसत होती.

कमलाकरने नकळत हात जोडले.

"पण काका, राग मानू नका," तो म्हणाला. "पत्रा या जाळ्यामुळेच गेला. ओल धरून ठेवली त्याने."

दादूने मान हलवली. "होडी दरसाल वर काढायचो. बूड खरवडायचो, तेल चोपडायचो. जलम खाऱ्या पान्यात गेला आपला, नि हिच्याखाली एकदा वाकून नाय पायला." मग त्याने नाक पुसलं. "नवा पत्रा मार. जाड मार."

"सगळं मिळून चाळीसच्या घरात जाईल, काका. गाडी विकून तेवढे येणार नाहीत."

"विकतो कोन?" दादू खेकसला.

वेल्डिंगच्या ठिणगीने नायलॉन पेटलं असतं, म्हणून आधी जाळं काढायला हवं होतं. कमलाकरने कात्री आणली, पण दादूने ती बाजूला सारली आणि एकेक बोल्ट सैल करून जाळं अख्खं सोडवलं. दमयंती ते हातात घ्यायला पुढे झाली आणि तशीच थांबली. मधोमध जाळं दोन ठिकाणी ताणून खोलगट झालं होतं. शेजारी शेजारी, लहान पावलांएवढे दोन खळगे.

तिने त्यांत आपल्या दोन मुठी ठेवल्या. मावल्या.

मग भर गॅरेजात, लोकांदेखत, जाळं पोटाशी धरून ती हमसून हमसून रडली.