सात काळी बटणं

मंडळी, एक गोष्ट आधीच कबूल करू या. दुसऱ्याच्या घरातला खून ऐकायला आपल्याला आवडतं. हात कामात असले की कानांना काहीतरी चघळायला लागतं, आणि त्याला खुनाइतकं चविष्ट दुसरं काही नाही! नाकं मुरडू नका, मीही त्यातलीच.

गणवेश शिवायच्या एका कारखान्यात आठ बायका मशिनीवर बसायच्या. जी जे शिवेल ते तिचं नाव. कॉलरवाली, बाहीवाली, खिसेवाली. त्यांत कॉलरवाली सगळ्यांत तिखट. तिच्या मोबाईलवर रोज तीन वाजता गुन्ह्यांचा पॉडकास्ट लागायचा आणि स्पीकरवरून सगळ्या खोलीभर ऐकू जायचा. चारला चहाची सुट्टी. भाग संपलेला असो नसो, चारला निकाल! आइस्क्रीमचा रिकामा डबा फिरायचा. गुन्हा केलाच असं वाटलं तर त्यात काळं बटण टाकायचं, नाही वाटलं तर पांढरं. उरलेला भाग कोण ऐकतंय? चहा गार होतो ना!

"माणूस नुसत्या वर्णनावरून ओळखते मी," कॉलरवाली म्हणायची. "पोलिसांनी उगीच पायपीट केली, मला विचारायचं!"

सगळ्या हसायच्या. नवव्या होत्या इस्त्रीवाल्या मावशी. त्या मात्र डबा आला की म्हणायच्या, "माझे हात गरम आहेत, पुढे जा."

महिन्याभरापूर्वी आठांतली काज-बटणवाली सोडून गेली आणि तिच्या मशिनीवर एक नवी बाई आली. पस्तिशीची, अबोल. कुलूप उघडायच्या आधी दारात हजर. मालकीणबाईंनी तिला सांगितलं होतं, महिनाभर काम बघते, मग कायम करते. तो महिना शनिवारी भरणार होता. ही नोकरी तिला किती हवी होती, ते तिच्या टाक्याटाक्यात दिसायचं.

ती आल्यापासून मात्र निकालात खोट निघायला लागली. रोज सात काळी आणि एक पांढरं. खटला कुठलाही असो, एक पांढरं ठरलेलंच.

त्या गुरुवारचा भाग एका बायकोचा होता. नवरा गच्चीवरून पडून गेला. निवेदकाचा आवाज साय लावल्यासारखा गुळगुळीत. "श्रोतेहो, तिचं नाव आम्ही बदललं आहे. पण शेजारी सांगतात, प्रेत घरात असताना ती बाई पाणी भरत होती. डोळ्यांत एक थेंब नव्हता..." मागे व्हायोलिन.

"तिनेच ढकललं!" कॉलरवाली मशीन थांबवून म्हणाली. "पाणी कसलं भरते भवानी! आपला माणूस गेला तर बाई धाय मोकलून रडते. जी रडत नाही ती खुनी, लिहून घ्या माझ्याकडून."

चार वाजले. निवेदकाचं तोंड बंद झालं, डबा फिरला. सात काळी, एक पांढरं.

आता मात्र कॉलरवालीचं डोकं फिरलं. तिने डबा उचलला आणि थेट नव्या बाईच्या टेबलावर आपटला. "तूच ना गं ही दयेची सागर? इतका पुळका येतो तर सांग तरी, तुझी कोण लागते ती?"

नव्या बाईने सुई खाली ठेवली.

"ती मीच आहे, ताई."

बाहीवालीच्या हातातला कप तसाच राहिला.

"डब्यातली बटणं शेवटी माझ्याच टेबलावर येतात," ती हळू म्हणाली. "पँटला लावायला. आजची सात मोजून घेते." आणि तिने खरंच ती काळी बटणं एकेक करून पँटना लावली. रडली नाही. सहाला डबा पुसून जागेवर ठेवला आणि गेली.

कॉलरवाली घरी आली. भांडी घासता घासता तिने उरलेला भाग लावला. नऊ मिनिटांचा होता. त्यातल्या दीड वाक्यात कळलं, की नवरा टाकीचं झाकण बसवताना घसरला, हे समोरच्या गवंड्याने पाहिलं होतं, आणि चार वर्षांनी कोर्टाने बाईला निर्दोष सोडलं. लगेच गादीची जाहिरात. कॉलरवालीला स्वतःच्या घरात लपायला जागा सापडेना.

शुक्रवारी काज-बटणाची मशीन रिकामी होती.

"मावशी, मला काय ठाऊक ती तीच म्हणून?" कॉलरवाली म्हणाली.

"म्हणजे ती दुसरी कुणी असती तर चाललं असतं?" मावशींनी इस्त्री उभी केली. "अगं, प्रत्येक गोष्टीतली बाई कुठेतरी भाजी चिरत असते, बटणं लावत असते! आणि रडण्याचं मला नको सांगूस. तुझा बाप गेला तेव्हा तू काय केलंस?"

कॉलरवालीने मान खाली घातली.

"दिवसभर पातेली घासलीस. घासलेली पुन्हा घासलीस. मी होते तिथे. कुणी तुझ्या नावाने काळं बटण टाकलं का?"

तेव्हा मात्र कॉलरवाली रडली. सगळ्यांसमोर, पदर तोंडात कोंबून.

संध्याकाळी पत्ता विचारून ती त्या बाईच्या दारात गेली. आत पिशव्या भरून ठेवलेल्या दिसत होत्या.

"माझं चुकलं गं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. तिने कॉलरवालीला सोपं करून दिलं नाही. "हे माझं चौथं गाव आहे, ताई. कोर्टाने चार वर्षं ऐकून घेतलं. तुम्ही चार वाजेपर्यंत ऐकलंत."

कॉलरवालीने विचारलं, "तू प्रत्येक वेळी पांढरं का टाकायचीस? सगळेच थोडे निर्दोष असतात?"

"नसतात. पण मी तिथे नव्हते ना."

"उद्या ये. महिना भरतोय तुझा. मालकीणबाईंशी मी बोलले, सगळं सांगितलं. मी काय केलं तेसुद्धा."

त्या बाईने दार लोटलं नाही.

शनिवारी कुलूप उघडायच्या आधी ती दारात हजर होती. कुणाला तिच्याकडे बघवेना. तीन वाजले, स्पीकर गप्प. चारला कॉलरवालीने डबा उचलून कचऱ्यात टाकायला घेतला, तर ती म्हणाली, "बटणं आहेत त्यात. वाया कशाला घालवता? काळी पँटला लागतात. द्या इकडे."

कॉलरवालीने डबा दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवला. मग स्वतःची खुर्ची ओढली, दुसरी सुई घेतली आणि तिच्याशेजारी बसून बटणं लावायला लागली.

मंडळी, ऐकायला कुणाची बंदी नाही. पण ती करमणूक कुणाचं तरी मरण असतं आणि कुणाचं तरी उरलेलं आयुष्य. अर्धवट ऐकून पुरता निकाल देणं हासुद्धा एक गुन्हाच, फक्त त्याचा खटला चालत नाही.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या खोलीतली बाहीवाली मी. त्या सातांतलं एक काळं बटण माझं होतं.