बफरच्या वेशीवरचा संगणक

मित्रांनो, गोंडपिपरीतल्या एका लहानशा वनसंस्थेचा मी जुना संगणक. माझ्यावर कुणी चित्रे पाहत नाही, पत्रे लिहीत नाही. मी फक्त राखण करतो आणि, खरे सांगतो, सतत भीत असतो.

पूर्वी मी टेबलाखाली धूळ खात होतो. भंगारात जाणार, तोच दामिनीने मला उचलले. संस्थेतली यंत्रे तीच सांभाळते. तिथे एका यंत्रावर गावांना वाघाची सूचना देणारी साइट होती, दुसऱ्यावर जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो आणि ठिकाणे. दोन्ही एकाच जाळ्यात, म्हणजे एकात शिरलेला दुसऱ्यातही जाणार! दामिनीने मला मधे बसवले. एक तार इंटरनेटची, एक साइटची, एक आतल्या कार्यालयातल्या फोटोंच्या यंत्राची.

"हे काऊन करून राह्यली, बाई?" संस्थेचे प्रमुख श्रीहरीभाऊ म्हणाले.

"भाऊ, वाघाच्या जंगलाभोवती बफरचा पट्टा रायते ना, तसंच. बाहेरचा मानूस साइटपर्यंत येईन. तिथून आत जायाचं दार बंद."

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी साइटच्या यंत्राकडून माझ्या आतल्या दारावर थापा पडू लागल्या. ते कधी आतले काही मागत नसे. आज कॅमेऱ्यांची ठिकाणे मागत होते. त्याच्यात कुणीतरी शिरले होते! नाल्याकाठी वाघिणीला नुकतीच पिल्ले झाली होती. ती जागा शिकाऱ्याला कळली तर? एक दार नाकारावे, तो दुसरे वाजे. एखादे उघडे राहिले असेल का? माझा पंखा घरघरू लागला. मी दामिनीला इशारा पाठवला.

पडदा पाहताच ती तारेकडे धावली. "भाऊ, साइटची तार काढा लागते!"

"अवं, बाया मोहफुलं येचाले गेल्या अस्तीन! त्याइले वाघिणीची सूचना कशी जाईन?"

"तुमी फोन लावा. तार मी काढतेच."

तिने तार उपटली. थापा थांबल्या, पण आता गावांना काहीच कळणार नव्हते. श्रीहरीभाऊ गावोगावी फोन लावत राहिले. नाल्याजवळच्या गावाचा फोन लागेना. कितीतरी वेळाने तिथल्या चंदाबाईंनी फोन उचलला. "आमी समद्या घरी आलो, भाऊ. काऊन, का झालं?"

श्रीहरीभाऊंनी त्यांना वाघिणीची सूचना दिली.

दामिनीने साइटचे यंत्र पुसून नव्याने उभे केले. आतले काहीही बाहेर गेले नव्हते.

मित्रांनो, 'थोड्या वेळापुरतं' म्हणून आतले दार उघडे ठेवू नका. माझ्यासारख्याच्या पंख्यातली धूळ काढा, सुरक्षेचे नियम वेळेवर तपासा. मला धीट समजू नका. प्रत्येक थापेला मी अजून दचकतो. दचकतो म्हणूनच आधी विचारतो, "कोण आहे?"