वजा पाच

बावीस वर्षांनी 'मुसीकाठ' बँडचा नवा अल्बम निघणार होता आणि कीबोर्डवाली चारुलता घाबरली होती. कारण अगदी साधं. शिवराजनं स्टुडिओत खरा पियानो सांगितला होता.

"ह्या अल्बमात नकली काही नक्को," तो म्हणाला होता. "सगळं नवं, सगळं खरं."

शिवराज म्हणजे बँडचा गळा. एके काळी हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या कॅसेटच्या दुकानांतून तो दिवसभर वाजायचा. त्याची पट्टी पेटीची पांढरी चार. पुरुषांना ती सहसा झेपत नाही, हे तो ओळख होताच सांगे. "ज्या दिवशी पट्टी उतरली, त्या दिवशी शिवराज घरी बसला," हेही लगोलग सांगे. आता तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि अजून पांढरी चारमध्येच गात होता, असं त्याला वाटत होतं.

चारुलताच्या कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की बोटं तिथंच राहतात आणि सूर एक घर खाली उतरतो. शिवराजची बायको गेली त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात त्याचा आवाज अंतऱ्यावर फाटला. पुढच्या गाण्याआधी चारुलतानं ते बटण गुपचूप दाबलं. मग दर दोनेक वर्षांनी आणखी एकदा. आता कीबोर्डच्या पडद्यावर 'वजा पाच' दिसे. त्यावर ती रुमाल टाकी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पियानोला बटण नसतं.

हिमायतनगरच्या स्टुडिओत तिनं हळूच पाच घरं खाली, पांढरी एकवर हात ठेवला. शिवराज शेजारीच उभा होता. "चारू, म्हातारी झालीस काय की! पांढरी चार दे."

तिनं दिली. मुखडा त्यानं रेटून नेला. अंतऱ्यावर आवाज फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्यांदा निघालाच नाही.

"पियानो चढलाय," शिवराज म्हणाला.

"नाही अंकल," काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारी रोशनी म्हणाली, "कालच ट्यून केलाय."

शिवराजनं चारुलताकडे पाहिलं. त्याच्याशी खोटं बोलणं तिला बटणाशिवाय जमत नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं, रुमालासकट.

"कधीपासून?"

"वहिनी गेल्या तेव्हापासून, दादा."

"अकरा वर्षं." तो गिटारवाल्या नामदेवरावांकडे वळला. "तुमच्या गिटारला तर बटण नाही ना?"

नामदेवराव चष्मा पुसू लागले. "मी तारा ढिल्या करून आणतो. घरूनच."

शिवराज स्टुलावर बसला. पाण्याची बाटली उघडली, पण प्यायला नाही. चारुलताला रडू फुटलं. अल्बम गेला हे तर दिसतच होतं. त्याहून वाईट हे की, वहिनी गेल्यावर त्याच्याकडे उरलेलं एवढंसं आपण आज काढून घेतलं, असं तिला वाटलं.

"म्हणजे मी उतरत होतो," शिवराज सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही दोघं पण सोबत उतरत होते."

नामदेवरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"सांगायचं नाही का मग? खामखा परेशान झालो. घरी रियाजाला पेटीवर पांढरी चार लागायची नाही. मी म्हटलं, पेटीच बिघडली. दोन पेट्या विकल्या ना मी!"

तो उठून पियानोपाशी आला. चारुलतानं डोळे पुसून पांढरी एकवर बोट ठेवलं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात आणखी एक घर डावीकडे सरकवला.

"इथून घे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचं पण आत्ताच उतरून घेऊ."