मिस्सेनंतरच्या चार ओव्हर

“कोच, तुम्हाला टीमने हाकललं होतं का?”

विचारलं! मीच विचारलं. टीममधल्या अक्षता आणि फियोना महिनाभर मागे लागल्या होत्या, की ऊर्मी, दम असेल तर विचार. कॅनडातल्या मार्कहॅमच्या आमच्या मुलींच्या बेसबॉल टीममध्ये मी पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी. आणि आमचे कोच मॅकाइव्हर एकेकाळचे खरेखुरे प्रोफेशनल पिचर. सत्ताविसाव्या वर्षी थांबले. का, ते कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात वॉशरूमला जाऊ का हेसुद्धा विचारायला घाबरायचे. आता बघा!

कोचनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “हो.”

बस. आणि बॉल गोळा करायला लागले! मी म्हटलं, असं नाही चालणार, पूर्ण सांगा.

मग त्यांनी जे सुरू केलं! आम्हाला हवी होती भानगड, मॅनेजरशी मारामारी वगैरे. यांनी सांगितली बस. एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेतल्या एका क्लबने घेतलं, आणि आठ वर्षं हा माणूस लहान लहान गावांच्या टीममधून बसने फिरला. चौदा-चौदा तास. एसी बंद. ओल्या मोज्यांचा वास. कुठल्या गावात सँडविच बरं मिळायचं. फियोनाने मला चिमटा काढला. मीही कंटाळले होते.

“पण मोठ्या लीगमध्ये खेळलात की नाही?”

“अकरा दिवस होतो तिथे. चार बॅटर आले समोर. दोन आउट केले.”

“आणि बाकीचे दोन?”

“त्यातल्या एकाने मारलेला बॉल अजून खाली आला नसेल.”

आम्ही फिदीफिदी हसलो. कोच नाही हसले. म्हणाले, कोपर तेव्हाच दुखत होतं. रोज सकाळी फिजिओ विचारायचा, हात कसा आहे? रोज हे सांगायचे, एकदम मस्त. कारण दुखतंय म्हटलं की आपल्या जागी दुसरा उभा राहतो. मग एका दुपारी कोपरातलं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं, परत आले तर बॉलचा वेगच गेलेला. मॅनेजरने खोलीत बोलावलं.

“चार मिनिटांत आटपलं,” कोच म्हणाले. “त्यातही मधे त्याचा फोन वाजला.”

मग ते माझ्याकडे वळले. “म्हणून तो तक्ता.”

तक्ता बॅटच्या कपाटावर चिकटवलाय. प्रत्येक पिचरने रोज किती बॉल टाकले ते स्वतः लिहायचं. साठाच्या वर टाकले की चार दिवस हात बंद. आणि खोटं लिहिलं तर प्रांताच्या टीमच्या निवडचाचणीला कोच पाठवत नाहीत. चाचणी पंधरा दिवसांवर आलीये. माझ्या नावापुढे मागचे चार रविवार: शून्य, शून्य, शून्य, शून्य.

“रविवारी काय करतेस, ऊर्मी?”

“चर्चला जाते!” माझ्याआधी फियोनाच बोलली. अक्षता खाली बघून बुटाची नाडी बांधायला लागली, ती बांधलेलीच होती.

फियोना खोटं बोलली नव्हती. फक्त चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर मी कुठे जाते ते तिने सांगितलं नाही.

क्रिकेटला! वसईहून इथे आलेल्यांची दर उन्हाळ्यात टूर्नामेंट असते, गावागावाच्या टीम. यंदाचा नियम असा, की चार ओव्हर मुलीने टाकायच्याच. पप्पांचं गाव गिरीज, पप्पा कॅप्टन, आणि अख्ख्या टीममध्ये मुलगी एकच. मी! तक्त्याचं मी त्यांना पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. त्यावर यांचं शास्त्र ऐका: “बेसबॉलमध्ये कोपर वाकतं म्हणून दुखतं, बाय. क्रिकेटमध्ये हात सरळ! तो कशाला मोजायचा? उलट हात मोकळा होतो.”

आणि मी, महाहुशार, शून्य लिहून मोकळी. चोवीस बॉल मॅचचे, वर पार्किंग लॉटमधला सराव वेगळा. आता केस विंचरताना कोपर आतून ठणकतं.

संध्याकाळी घरी गेले तर मम्मी सुकट निवडत होती आणि पप्पा टेबलावर लसणाच्या पाकळ्यांनी फायनलची फील्डिंग लावत होते. सगळ्यात मोठी पाकळी मी होते.

“पप्पा, माझं कोपर दुखतंय.”

“बाम लाव.”

“चार आठवडे दुखतंय!”

मम्मीने मान वर केली. “चार आठवडे? मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते! तू म्हणालीस फोन कमी बघ!”

“अगं, एकच मॅच राहिली,” पप्पा म्हणाले. “फायनलला समोर निर्मळ गावची टीम आहे, त्यांना काय तोंड दाखवू मी? फायनल झाली की महिनाभर हात कपाटात ठेव.”

“आणि कोचना काय सांगू?”

“कशाला सांगायचं? त्यांना क्रिकेटमधलं काय कळतंय?”

“रॉयस्टन,” मम्मी म्हणाली. नुसतं तेवढंच. पप्पांनी पाकळी उचलली आणि कुठे ठेवावी कळेना म्हणून हातातच धरून बसले.

मला इतका राग आला होता ना, की रडूच येणार होतं. पप्पांचा, कोचचा, त्या शून्यांचा, माझा. पण खुर्ची ओढली आणि दोघांच्या समोर बसले.

“ऐका दोघं. रविवारी मी बॉल टाकणार नाही. एकही नाही. उद्या प्रॅक्टिसच्या आधी कोचना चारही रविवारचं खरं सांगणार आहे. ते मला चाचणीला पाठवणार नाहीत, माहितेय मला. पुढच्या वर्षी जाईन. आणि पप्पा, उद्या तुम्ही माझ्याबरोबर ग्राउंडवर यायचं. गाडीत बसून राहायचं नाही, मी कोचना सांगताना शेजारी उभं राहायचं.”